विषय: बेसमेंटच्या भिंतीला लोणा, १९७२ चं घर – इन्स्पेक्शनच्या दहा दिवसांत काय बघावं?

प्रेषक: अ. (आयसेलिन)

मंडळींना सप्रेम नमस्कार,

न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या एका घराचा करार झाला आहे. वकिलांचा रिव्ह्यू काल आटोपला, आता इन्स्पेक्शनला दहा दिवस आहेत. घर १९७२ चं, दुमजली, खाली पूर्ण बेसमेंट, भिंती काँक्रीट ब्लॉकच्या. मागच्या भिंतीला खालून दोन फुटांपर्यंत लोणा लागलाय. संप पंपाचा (बेसमेंटखाली साचणारं पाणी उपसणाऱ्या पंपाचा) खड्डा उघडाच आहे. रेडॉनची (जमिनीतून येणाऱ्या किरणोत्सारी वायूची) चाचणी कधी झालेली नाही. फर्नेस (घर तापवणारं यंत्र) आणि वॉटर हीटर गॅसवर. स्वयंपाकघरात शेगडीवर मायक्रोवेव्ह आहे आणि त्यातला पंखा हवा परत घरातच सोडतो.

विक्रेत्याकडून काय करून घ्यावं, कशाचे पैसे मागावेत, आणि राहायला गेल्यावर सावकाश काय करता येईल, याबद्दल जाणकारांनी कृपया लिहावं.

---

प्रेषक: रा. (पिस्कॅटवे)

नमस्कार,

लोणा दिसला म्हणून लगेच वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावू नका. तो आतून चर खणायचाच सल्ला देईल, कारण त्याचं काम तेवढंच. आधी घराबाहेर जा, जमलं तर पाऊस चालू असताना, आणि छपराचं पाणी कुठे पडतं ते बघा.

हिशेब असा: १००० चौरस फूट छपरावर १ इंच पाऊस पडला की ६२३ गॅलन पाणी होतं. पन्हळीचे चार नळ असले तर प्रत्येकातून दीडशे गॅलनच्या वर. नळ भिंतीच्या बुडाशीच संपत असेल तर हे सगळं पाणी पायालगत मुरतं. आपल्या भागात लाल शेल आणि चिकणमाती आहे. बांधताना पायासाठी खणलेला खड्डा नंतर भुसभुशीत मातीने भरतात, बाजूची मूळ जमीन मात्र घट्ट राहते. त्यामुळे घराभोवती मातीची एक परातच तयार होते आणि पाणी त्यात साठून राहतं. पन्नास वर्षांत ती भराव माती खचलेलीही असते, म्हणून जमिनीचा उतार घराकडे वळतो.

पहिली दुरुस्ती त्यामुळे बाहेरची आणि स्वस्तातली. पन्हळी साफ करा, नळांना निदान ६ फुटांची जोडनळी लावा, आणि जमिनीला पहिल्या १० फुटांत ६ इंच उतार द्या. भर घालताना चिकणमाती घाला. काळी बागेची माती किंवा मल्च पाणी पिऊन बसते. भर घालण्याच्या नादात साइडिंगपर्यंत (बाहेरच्या भिंतीवरच्या आवरणापर्यंत) माती चढवू नका. लाकडी भाग आणि माती यांत ६ इंच अंतर हवंच, नाहीतर वाळवी आणि कूज यांना वाट मिळते.

आता भिंत. ब्लॉक आतून पोकळ असतात. पाणी त्या पोकळीत शिरून उभं राहतं, हळूहळू आतल्या बाजूने सुकतं आणि मीठ मागे राहतं, तोच लोणा. आतून वॉटरप्रूफ रंग फासला तर पाणी त्याला मागून ढकलतं, वर्षा-दोन वर्षांत पोपडे निघतात आणि पोकळीतलं पाणी जागच्या जागी राहतं. विक्रेत्याने भिंत नुकतीच रंगवली असेल तर कधी आणि का, हे लेखी विचारा.

तडे नीट बघा. ब्लॉकच्या सांध्यांतून जिन्यासारखा चढत गेलेला तडा बहुधा पाया एका बाजूला खचल्याचा. मात्र भिंतीच्या मध्यावर आडवा तडा असेल आणि लांब ओळंबा धरल्यावर भिंत आत झुकलेली दिसली, तर बाहेरची ओली माती भिंत ढकलते आहे. ते काम वॉटरप्रूफिंगवाल्याचं नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावून त्याचा सही-शिक्क्याचा अहवाल घ्या आणि तो हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बाहेरचं सगळं करूनही ओल राहिली तरच आतला चर: पायाच्या कडेने स्लॅब कापायचा, खडी आणि ४ इंची छिद्रांचा पाइप घालायचा, ब्लॉकच्या सर्वांत खालच्या थराला भोकं पाडून पोकळीतलं पाणी त्या चरात सोडायचं आणि चर संपच्या खड्ड्याकडे न्यायचा. ती भोकं पाडणार का, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. ती वगळली तर लोणा तसाच राहतो.

पंप इन्स्पेक्टरसमोर चालवून बघा. ५ गॅलनच्या दोन बादल्या खड्ड्यात ओता. फ्लोट (पाण्यावर तरंगणारा स्विच) वर आला की पंप सुरू व्हायला हवा आणि पाणी उपसून बंद व्हायला हवा. बंद झाल्यावर पाणी खळखळ परत पडल्याचा आवाज आला तर चेक व्हॉल्व्ह (पाणी परत येऊ न देणारी झडप) नाही किंवा बिघडला आहे. दीड इंची पाइपाच्या १० फूट उंचीत जवळजवळ १ गॅलन पाणी असतं. तेच पाणी पुन्हा पुन्हा उपसून मोटर जळते. पंप घुमतो पण पाणी चढत नाही, असं झालं तर आत हवा अडकली आहे. पंप आणि चेक व्हॉल्व्ह यांच्यामधल्या पाइपाला ३/१६ इंचाचं भोक लागतं, ते पाडलेलं नसतं किंवा गाळाने बुजलेलं असतं.

बॅटरीवर चालणारा दुसरा पंप चैन समजू नका. मोठं वादळ येतं तेव्हाच वीज जाते. पंपाचं पाणी सांडपाण्याच्या लाइनीत सोडू नका, बहुतेक गावांत ते बेकायदा आहे. बाहेर १० फूट लांब सोडा. हिवाळ्यात त्या नळीचं तोंड गोठतं, म्हणून भिंतीलगत एक जाळीदार जोड ठेवा, म्हणजे पुढे बर्फ झाला तरी पाणी तिथून बाहेर पडेल.

विम्याचं थोडक्यात. १ सप्टेंबर २०२१ ला आयडा वादळाच्या वेळी अनेकांना कळलं की घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही. सरकारी पूरविमा एरवी ३० दिवसांनी लागू होतो. कर्जाच्या क्लोजिंगबरोबर (खरेदीचा व्यवहार पुरा होताना) घेतला तर ही मुदत नसते, म्हणून आत्ताच विचारा. त्यातही बेसमेंटमधला फर्नेस, वॉटर हीटर, विजेचं पॅनल, संप पंप हे भरून मिळतं. कार्पेट, पार्टिशन, सोफे नाही. पंप बंद पडून पाणी वर आलं तर त्यासाठी घराच्या विम्यावर वेगळी जोडकलम घ्यावी लागते. २०२४ पासून न्यू जर्सीत विक्रेत्याला पुराची माहिती फॉर्मवर द्यावी लागते, तो भाग ओळ न ओळ वाचा.

---

प्रेषक: सु. (ब्रिजवॉटर)

नमस्कार,

रा. काकांनी पाण्याचं सविस्तर लिहिलं आहे. त्यातल्या उघड्या खड्ड्याबद्दल मला तातडीने सांगायचं आहे. तो खड्डा म्हणजे जमिनीतून रेडॉन यायला उघडं दार. आतला चर केला आणि त्याच्या कडेची फट तशीच ठेवली तर ते दार घराच्या चारही बाजूंनी उघडं राहतं.

रेडॉन खडकातल्या युरेनियमपासून तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि धूम्रपानानंतर फुप्फुसाच्या कर्करोगाचं दुसरं मोठं कारण तोच आहे. १९८४ साली पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज प्रकल्पात स्टॅनली वॉट्रस नावाचा इंजिनिअर आत शिरला की किरणोत्साराचा अलार्म वाजायचा. स्रोत प्रकल्पात नव्हताच, त्याच्या घरात होता. रीडिंग प्राँग नावाचा तो खडकांचा पट्टा आपल्या राज्याच्या वायव्येकडूनही जातो. एडिसन त्या पट्ट्यावर नाही, पण शेजारच्या दोन घरांचे आकडेही एकसारखे येत नाहीत. म्हणून चाचणी करायचीच.

इथे दुसऱ्यासाठी चाचणी करणाऱ्याकडे राज्याचं प्रमाणपत्र लागतं, ते मागा. सर्वांत खालच्या, वापरता येईल अशा मजल्यावर किमान ४८ तास. त्याआधी १२ तास आणि चाचणीभर खिडक्या-दारं बंद. ये-जा करण्यापुरतंच दार उघडायचं. यंत्र जमिनीपासून २० इंच वर, खिडकी-दारापासून ३ फूट आणि बाहेरच्या भिंतीपासून १ फूट लांब. घरात विक्रेता राहतो, म्हणून तासातासाची नोंद ठेवणारं यंत्र घ्या. मधेच कोणी खिडक्या उघडल्या तर आकडा एकदम घसरलेला दिसतो.

४ पिकोक्युरी प्रति लिटर (रेडॉन मोजायचं एकक) किंवा वर आलं तर उपाय करायचा. २ ते ४ मध्येही विचार करावा, असं ईपीए (अमेरिकेची सरकारी पर्यावरण संस्था) सांगते. हिवाळ्यात घरातली गरम हवा वरून निसटते आणि तेवढी हवा जमिनीतून आत ओढली जाते, म्हणून आकडा बहुधा वाढतो. उन्हाळ्यात ३.५ आलं तर ‘पास’ समजू नका, जानेवारीत परत मोजा.

उपाय म्हणजे स्लॅबखालून ३ किंवा ४ इंची पीव्हीसी पाइप काढून पंख्याने ती हवा छपरावर सोडायची. पंखा बेसमेंटमध्ये कधीही नको. माळ्यावर किंवा घराबाहेर हवा, कारण पंख्याच्या पुढच्या पाइपात दाब असतो आणि तिथे गळलं तर रेडॉन घरातच येतो. पाइपावर यू आकाराची, रंगीत पाण्याची नळी असते. दोन्ही बाजूंचं पाणी समान पातळीवर आलं की पंखा बंद पडलाय असं समजा. खड्ड्यावर हवाबंद झाकण हवं आणि चराची फट सीलंटने बुजवलेली हवी. नाहीतर पंखा जमिनीऐवजी घरातलीच हवा ओढत बसतो.

याचे पैसे विक्रेत्याकडून घ्या आणि काम स्वतः निवडलेल्या माणसाकडून करा. विक्रेता सर्वांत स्वस्त माणूस आणतो आणि पाइप दर्शनी भिंतीवरून नेतो.

एका बाबतीत मात्र पैसे घेऊन गप्प बसू नका: जमिनीतली तेलाची टाकी. आज घर गॅसवर असलं तरी १९७२ चं आहे, पूर्वी हीटिंग ऑइलवर असू शकतं. बेसमेंटच्या भिंतीतून निघून कापलेल्या तांब्याच्या दोन बारीक नळ्या, किंवा अंगणात कडेला उभा लोखंडी पाइप दिसतो का बघा. काही दिसलं नाही तरी क्लोजिंगआधी टँक स्वीप (जमिनीत पुरलेल्या टाकीचा यंत्राने शोध) करून घ्या. टाकी गळकी निघाली तर माती उपसण्याचा खर्च किती होईल हे खणल्याशिवाय कळत नाही, आणि घराचा विमा बहुधा तो देत नाही. टाकी सापडली तर गावाचं परमिट, टाकी काढणं, मातीची तपासणी हे सगळं विक्रेत्याने क्लोजिंगच्या आधी पुरं करून कागद द्यायचे. ‘वाळू भरून बंद केली आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका, मातीचा अहवाल मागा.

---

प्रेषक: मे. (प्लेन्सबरो)

नमस्कार मंडळी,

स्वयंपाकघर शेवटी करता येईल, पण रेडॉनशी त्याचा संबंध आहे म्हणून लिहिते.

हवा घरातच फिरवणारा पंखा तेलाचा थोडा अंश अडवतो. फोडणीचा ठसका, वाफ, गॅसच्या ज्योतीतला नायट्रोजन डायऑक्साइड हे सगळं घरातच राहतं. त्या मायक्रोवेव्हचं मॅन्युअल आधी बघा. पुष्कळ मॉडेलमध्ये आतला ब्लोअर काढून उलटा बसवला की हवा वरून किंवा मागून बाहेर जाते. त्याला सव्वातीन बाय दहा इंचाचा डक्ट लागतो. शेगडी बाहेरच्या भिंतीला असेल तर काम फार मोठं नाही.

वेगळा हूड घेणार असाल तर सीएफएमचा (मिनिटाला किती घनफूट हवा ओढतो त्याचा) आकडा बघायच्या आधी रुंदी बघा. शेगडीपेक्षा दोन्ही बाजूंना ३ इंच जास्त हवा. डक्ट गुळगुळीत पत्र्याचा, कमीत कमी वळणांचा. सुरकुत्यांच्या लवचीक नळीत तेल साठतं आणि आग लागू शकते. डक्ट माळ्यावर उघडा सोडलेला चालत नाही, तो घराबाहेरच निघाला पाहिजे. फोडणी आणि तळण मागच्या बर्नरवर करा, पंखा दोन-तीन मिनिटं आधी लावा आणि नंतर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा.

आता मुख्य मुद्दा. हूड जितकी हवा बाहेर फेकतो तितकी कुठून तरी आत येतेच. ४०० सीएफएमच्या वर गेलात तर बाहेरून ताजी हवा आत आणायची सोय कोडप्रमाणे करावी लागते. ती नसेल तर घर बेसमेंटमधून हवा ओढतं: सु. ताईंनी सांगितलेला रेडॉन जास्त येतो आणि साध्या चिमणीच्या वॉटर हीटरचा धूर उलटा घरात येतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो.

हे घरी तपासता येतं. खिडक्या बंद करा, हूड, बाथरूमचे पंखे आणि ड्रायर एकदम चालू करा, मग वॉटर हीटर पेटेल इतका गरम पाण्याचा नळ सोडा. पाच मिनिटांनी हीटरच्या वरच्या झाकणाच्या कडेला पेटलेली उदबत्ती धरा. धूर आत चिमणीत ओढला गेला तर ठीक. खोलीकडे परत येत असेल तर लगेच पंखे बंद करा, खिडक्या उघडा आणि एचव्हीएसीवाल्याला (हीटिंग-कूलिंगचं काम करणाऱ्याला) बोलावा. आपल्या घरांत दिवाळीच्या फराळाच्या दिवसांत तासन् तास हूड चालतो, म्हणून ही तपासणी प्रत्येकाने करावीच. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोल्यांजवळ हवा.

---

प्रेषक: अ. (आयसेलिन)

सर्वांचे मनापासून आभार. टँक स्वीप आणि रेडॉनची चाचणी या आठवड्यात ठरवली आहे. एक शंका: खड्ड्याला हवाबंद झाकण लावलं तर पंप बघायचा कसा? आणि १९७२ च्या वायरिंगचं काही बघावं का?

---

प्रेषक: रा. (पिस्कॅटवे)

झाकण पारदर्शक पॉलीकार्बोनेटचं आणि स्क्रू-गॅस्केटचं मिळतं. ते सिलिकॉनने कायमचं चिकटवू देऊ नका. पंप सात-दहा वर्षांत बदलावा लागतो. पाइप आणि वायर जिथून जातात तिथे रबरी ग्रोमेट हवेत. जमिनीवर सांडलेलं पाणी खड्ड्यात जावं म्हणून झाकणालाच एक छोटा फ्लोअर ड्रेन बसवता येतो, जो पाणी आत सोडतो पण हवा वर येऊ देत नाही. डीह्युमिडिफायरची नळीही त्यातच सोडा आणि आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली ठेवा.

वायरिंग जरूर बघा. साधारण १९६५ ते १९७३ या काळातल्या घरांत ॲल्युमिनिअमच्या वायरी सापडतात. वायर स्वतः ठीक असते, पण स्विच आणि प्लगच्या जोडांवर ती सैल होऊन तापते. इन्स्पेक्टरला पॅनलचं झाकण काढून बघायला सांगा. निघालीच तर प्रत्येक जोडावर त्यासाठीच बनवलेल्या कनेक्टरने तांब्याचा तुकडा जोडून घ्यायचा. साधी पिळायची टोपी तिथे चालत नाही.

कामांचा क्रम असा ठेवा: पन्हळी आणि उतार, मग एक पावसाळी ऋतू जाऊ देऊन चराचा निर्णय, झाकण, रेडॉनचा पंखा, आणि हूड शेवटी. हूड बसला की रेडॉन पुन्हा मोजा आणि उदबत्ती पुन्हा धरा.