मुलाची व्होल्वो एक्ससी९०, मागे ४,४०० पौंडांचा कॅम्पर: ओढेल का?

रावेरचे अप्पा
नमस्कार मंडळी. रावेर तालुक्यात माझी केळीची शेती आहे. मुलगा अमेरिकेत डेन्व्हरला असतो. जूनमध्ये आम्ही दोघं तिकडे जातोय. तो, सूनबाई आणि नात धरून पाच जणांनी तिकडच्या युटा राज्यातल्या मोआबला जायचं ठरलंय. त्यासाठी तो गाडीमागे ओढायचा कॅम्पर भाड्याने घेतोय. पलंग, ओटा, संडास सगळं आतच. गाडीची ओढायची मर्यादा ५,००० पौंड, कॅम्पर रिकामा ४,४०० पौंड. पोऱ्या म्हणतो, "अप्पा, सहाशे पौंड शिल्लक आहेत, काही व्हत नही."

मला झोप लागत नाही. पस्तीस वर्षं ट्रॅक्टरला ट्रॉली जोडतोय. दोन चाकी ट्रॉलीत माल मागे गेला की दांडा वर उचलतो, ट्रॅक्टरची मागची चाकं घसरतात. माल फार पुढे आला की ट्रॅक्टरचं तोंड उचलतं, स्टेअरिंग ऐकत नाही. आपलं हे सगळं बैलगाडीपेक्षा थोड्या जास्त वेगात. तिथे ताशी साठ मैल, अन् गाडीत माझी नात. खरं काय ते सांगा.

अमळनेरकर (मुक्काम डेन्व्हर)
अप्पा, तुमची काळजी रास्त आहे. रिकामं वजन धरून हिशेब करूच नये. पाण्याचा गॅलन ८.३ पौंडांचा. ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पौंड तिथेच गेले. गॅसची दोन भरलेली सिलिंडरं साधारण ७५, बॅटरी ५०. मग भांडीकुंडी, गाद्या, खुर्च्या, किराणा. पाच माणसांचं सामान ५०० पौंडांच्या खाली येत नाही. झाले की नाही ५,३०० च्या वर?

आता दांड्याचं. तुम्ही ट्रॉलीत जे पाहिलंत तेच इथे लागू आहे. कॅम्परच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार गाडीच्या हुकावर यावा लागतो. कमी पडला तर कॅम्पर मागे शेपटीसारखा डोलायला लागतो आणि गाडीलाही ओढत नेतो. ५,३०० चे दहा टक्के म्हणजे ५३०. त्या गाडीच्या हुकाची मर्यादा ५०० आहे. शिवाय हा भार गाडीतल्या माणसांच्या आणि डिकीच्या वजनात मिळवायचा असतो. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर गाडीत माणसं-सामान मिळून किती वजन चालतं याचा स्टिकर असतो, त्यावरचा आकडा मुलाला वाचायला सांगा.

ट्रक स्टॉपवर वजनकाटा असतो. जिनिंगला कापसाची गाडी नेताना करतो तसंच, भरलेला कॅम्पर काट्यावर घाला.

धुळे-सुरत लाइन
अप्पा, मी कोंडाईबारी घाटात वर्षानुवर्षं गाडी चालवली. चढाला गाडी दमते, पण घात उतारालाच होतो. डेन्व्हरहून पश्चिमेला जाताना आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांवर आहे, पुढे सिल्व्हरथॉर्नपर्यंत तीव्र उतार. उतार लागायच्या आधीच खालचा गिअर टाकावा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ब्रेक तापतात आणि ऐन वेळी धरत नाहीत.

कॅम्परला स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक असतात, ते गाडीतून चालवायला कंट्रोलर लागतो. तो बसवलाय का ते आधी विचारा. कॅम्पर डोलू लागला तर गाडीचा ब्रेक दाबू नये, स्टेअरिंग सरळ धरावं, अॅक्सिलरेटर सोडावा आणि कंट्रोलरने फक्त कॅम्परचे ब्रेक हाताने लावावेत.

रावेरचे अप्पा
मंडळी, काल रात्री मुलाला फोन करून तुमचं सगळं वाचून दाखवलं. आधी चिडला. मग खाली जाऊन स्टिकर वाचला आणि पाच माणसांचं वजन मांडून बसला. कंट्रोलर बसवलेलाच नव्हता. आज सकाळी त्याने तो कॅम्पर रद्द केला. आता रिकामा २,९०० पौंडांचा छोटा घेतोय, कंट्रोलर बसवून. आम्ही दोघं मोआबला खोली घेऊन राहू, ते तिघं कॅम्परमध्ये. निघायच्या दिवशी काट्यावर मी स्वतः उभा राहणार आहे.

अमळनेरकर, पाण्याची टाकी रिकामी नेऊन तिथे पोहोचल्यावर भरली तर चालेल ना?

अमळनेरकर (मुक्काम डेन्व्हर)
चालेल, अप्पा. कॅम्पिंगच्या जागी नळ आहे का तेवढं बुकिंग करताना बघायला सांगा. आणि जड सामान चाकांच्या थोडं पुढे, खाली जमिनीलगत ठेवा.