पुढून खडखड येतेय, लिंक रॉड बदलले तरी जात नाही, मदत हवी आहे (नाशिक)

सिडकोवासी
नमस्कार मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीये म्हणून लिहितोय. गाडीच्या पुढच्या बाजूने खडखड येते. आधी वाटलं डिकीतला जॅक असेल, मग वाटलं नंबरप्लेट, दोन्ही बघून झालं. गॅरेजवाला म्हणाला लिंक रॉड (चाकाकडचा भाग स्टॅबिलायझर बारला जोडणाऱ्या छोट्या दांड्या) गेलेत, बदलले, आवाज तसाच. मग म्हणाला स्टॅबिलायझरचे बुश (वळताना गाडी कलू नये म्हणून जो आडवा बार असतो त्याची रबरं), तेही टाकले, आवाज तस्साच. आता म्हणतोय पुढचे दोन्ही शॉकॲब (शॉक ॲबसॉर्बर) टाकू, साडेसात हजार होतील. शनिवारी सासुरवाडीला चांदवडला जायचंय, त्याच्या आत निकाल लागला पाहिजे. शॉकॲब टाकू का नको, एवढंच सांगा.

गंगापूररोडकर
गाडी कोणती, किती साल, किती चाललीये, आवाज खड्ड्यात येतो का वळताना येतो का ब्रेक मारल्यावर? यातलं काहीच न सांगता उत्तर पाहिजे. डॉक्टरला फोन लावून "दुखतंय, गोळी सांगा" म्हणण्यातला प्रकार झाला.

सिडकोवासी
२०१६ ची पेट्रोल हॅचबॅक, ८२ हजार किमी. कंपनी मुद्दाम लिहीत नाहीये. मागच्या धाग्यात लिहिली तर सगळे कंपनीवरून भांडत बसले आणि माझ्या क्लचचं काय करायचं ते शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. आवाज सगळीकडे येतो.

गंगापूररोडकर
सगळीकडे म्हणजे?

सिडकोवासी
रस्ता खराब असेल तिथे. म्हणजे सध्या नाशकात सगळीकडेच.

पेठरोडचा_पिंट्या
😂 बरोबर आहे भाऊ. सिंहस्थाच्या नावाखाली एक रस्ता करतात आणि दोन खोदतात. मुंबई नाका ते द्वारका जरी गेलं तरी गाडीचे नट बोल्ट मोजून घ्यावे लागतात.

अंबडचा_राजा
द्वारकेचं तर बोलूच नका, काल ४० मिनिटं उभा होतो.

मृणाल_इंदिरानगर
माझ्या गाडीचं स्टिअरिंग ९० च्या पुढे थरथरायचं, व्हील बॅलन्सिंग केलं आणि एकदम लोण्यासारखी चालायला लागली. आधी बॅलन्सिंग करून घ्या, स्वस्तात होतं.

सिडकोवासी
ताई माझं स्टिअरिंग थरथरत नाही हो, आवाज येतो. आणि ९० ला तर येतच नाही, हळू चालवताना येतो.

ट्रकवाले_काका
हे पहिल्यांदा कामाचं बोललास. हळू चालवताना येतो. आता मला सांग, खडखड का खटखट का ठक? हसू नका, फरक असतो. पत्र्याच्या डब्यात चार बोल्ट टाकून हलवल्यासारखं वाजत असेल तर काहीतरी हलकं सैल आहे, ब्रेकचा पॅड, पत्रा, क्लिप असलं. एकच चाक खड्ड्यात गेल्यावर खट खट वाजलं तर लिंक रॉड. दोन्ही चाकं स्पीडब्रेकरवर एकदम चढवली तर स्टॅबिलायझर बार पिळला जात नाही म्हणून लिंक गप्प बसते, हे करून बघता येतं. ब्रेक मारल्यावर एकदाच जड ठक आलं तर लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या हाताचा, रबरी बुश बघायचा. आणि पूर्ण वळवून चालवताना टक टक टक आलं तर ॲक्सलचा जॉइंट. मी २६ वर्षं कांद्याचे ट्रक हाणले, आवाजावरून सांगायचो काय गेलंय ते.

नवा_चालक
काका ट्रकला कमानपाटे असतात, हॅचबॅकला पुढे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकॲब एकत्र). ट्रकचा अनुभव इथे कसा चालेल?

ट्रकवाले_काका
सैल लोखंड सगळीकडे सारखंच वाजतं बाळा.

सिडकोवासी
काका, डब्यातल्या बोल्टांसारखंच आहे. बारीक खडखड. डाव्या बाजूने जास्त वाटते पण खात्री नाही.

शॉकअप_स्पेशल
८२ हजार झालेत म्हणजे शॉकॲब संपलेच असणार, टाकून मोकळे व्हा. मी ७० ला टाकले.

गंगापूररोडकर
किलोमीटर बघून कोणी शॉकॲब टाकतं का? तेल गळतंय का ते बघा आधी. बॉनेटच्या कोपऱ्यावर दाबून सोडा, गाडी दोन तीनदा झोके घेत बसली तर गेले. आणि गेलेल्या शॉकॲबची गाडी आधी होडीसारखी डुलते, नुसती बारीक खडखड हे सहसा त्याचं लक्षण नसतं.

शॉकअप_स्पेशल
माझी डुलत नव्हती तरी गेलेले होते.

गंगापूररोडकर
मग गेले होते हे ठरवलं कोणी? ज्याने विकले त्याने.

इको_फ्रेंडली
मी तर म्हणतो पेट्रोल गाडी काढा आणि इलेक्ट्रिक घ्या. कसलाच आवाज नाही.

पेठरोडचा_पिंट्या
इलेक्ट्रिकला काय सस्पेन्शन नसतं का, हवेत चालते का? उलट इंजिनचा आवाज नसल्यामुळे सगळी खडखड जास्त ऐकू येते.

ट्रकवाले_काका
सिडको, एक काम कर. रिकामा खराब रस्ता बघ, मागे कोणी नको. २० च्या स्पीडला खडखड सुरू झाली की ब्रेक पॅडल नुसतं टेकव. आवाज गेला का राहिला ते सांग.

सिडकोवासी
केलं काका. ब्रेक दाबला, गाडी थांबली, आवाजही थांबला.

ट्रकवाले_काका
अरे देवा. गाडी थांबल्यावर कुठलाही आवाज थांबणारच की. थांबवायची नाही रे. पाय हलका टेकवायचा, ब्रेकचे पॅड चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला नुसते लागले पाहिजेत, गाडी चालूच राहिली पाहिजे.

मृणाल_इंदिरानगर
ब्रेकचा आवाज असेल तर पॅड संपले असतील. पॅडला एक पत्र्याची पट्टी असते, पॅड झिजला की ती डिस्कला घासून चीं चीं करते. माझी चीं चीं करत होती.

नवा_चालक
ताई त्यांना चीं चीं नाहीये, खडखड आहे.

सिडकोवासी
आत्ता पाथर्डी फाट्याच्या आतल्या रस्त्याने जाऊन आलो. काका, पाय टेकवला की आवाज गप्प!! पाय उचलला की परत सुरू. पाच वेळा केलं, पाचही वेळा. बायको शेजारी बसली होती, तिला वाटलं मला वेड लागलं.

ट्रकवाले_काका
शॉकॲबचे साडेसात हजार वाचले तुझे. पॅड सैल आहेत. आता खरं सांग, ब्रेक पॅड कधी बदलले?

सिडकोवासी
पॅड? ते मागच्या महिन्यात बदलले, दुसऱ्याच गॅरेजला. पण ब्रेक एकदम झकास लागतायत, त्याचा काय संबंध?

गंगापूररोडकर
आणि आवाज कधीपासून येतोय?

सिडकोवासी
महिना झाला असेल.

गंगापूररोडकर
🤦

पेठरोडचा_पिंट्या
🤦🤦 भाऊ हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं ना

सिडकोवासी
अहो मला काय माहीत. ब्रेक चांगले लागतायत म्हटल्यावर कोण ब्रेकवर संशय घेईल.

ट्रकवाले_काका
ब्रेक लागणं वेगळं आणि पॅड घट्ट बसणं वेगळं. नीट ऐक. कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा भाग, ज्या ब्रॅकेटवर बसतो त्याच्या खाचेत पॅडची टोकं सरकतात. त्या खाचेत स्टीलच्या पातळ क्लिपा असतात, त्या पॅडला स्प्रिंगसारख्या दाबून धरतात. घाईत काम करणारा जुना पॅड काढतो, क्लिपा गंजलेल्या किंवा वाकलेल्या दिसल्या की फेकून देतो आणि नवीन पॅड तसाच घालतो. ब्रेक लागतो. पण ब्रेक सोडला की पॅड खाचेत मोकळा, खड्डा आला की नाचतो. पाय टेकवला की पिस्टन त्याला डिस्कवर दाबतो म्हणून गप्प. लिंक रॉडला तुझ्या पायाशी काही घेणंदेणं नाही, ती तरीही वाजली असती.

नवा_चालक
कॅलिपरच्या गाईड पिना (ज्यांच्यावर तो सरकतो) पण बघायला सांगा. पिन झिजली किंवा आतली भोकं मोठी झाली तर पूर्ण कॅलिपरच हलतो, तेव्हाही आवाज असाच येतो आणि तोही ब्रेक टेकवल्यावर जातो. बऱ्याच गाड्यांना वरची आणि खालची पिन सारखी नसते, एकीच्या टोकाला रबरी बुश असतो. उलटसुलट घातल्या तर एक वाजते किंवा अडकते.

शॉकअप_स्पेशल
पिना काढल्याच आहेत तर भरपूर ग्रीस थापा, चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस असतं ना ते. आवाज बंद.

नवा_चालक
कृपया असलं काही करू नका. साध्या ग्रीसने पिनेचं रबर फुगतं आणि मग पिन जाम होते. सिलिकॉनचं, ब्रेकसाठीचंच ग्रीस लागतं, तेही पातळ थर. आणि पॅडच्या घासणाऱ्या बाजूला नाहीतर डिस्कला चुकून लागलं तर ब्रेकच लागणार नाही.

शॉकअप_स्पेशल
आमच्याकडे १५ वर्षं तेच लावतायत, काही झालं नाही.

नवा_चालक
झालं नाही का कळलं नाही?

अंबडचा_राजा
क्लिपा कशाला नवीन घेता, अंबड लिंक रोडला भंगार बाजारात अख्खं ब्रॅकेट मिळेल.

पेठरोडचा_पिंट्या
राजाभाऊ कुठल्या जमान्यात आहात, तो बाजार महापालिकेने उठवला.

अंबडचा_राजा
उठवतात आणि परत बसतो.

गंगापूररोडकर
ब्रेकचा भाग भंगारातून घेऊ नका, पॅडच्या दुकानात क्लिपांचा सेट वेगळा मिळतो. जुने पॅड घेऊन जा म्हणजे माप चुकणार नाही. आणि सिडकोवासी, स्वतः करणार असाल तर गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा. कॅलिपर काढला तर ब्रेकच्या होसवर (रबरी नळीवर) लोंबकळत सोडायचा नाही, तारेने वर बांधायचा. चाक वर उचललंच आहे तर वर खाली धरून हलवून बघा, खेळ आला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग, डावी उजवीकडे धरून खेळ आला तर टाय रॉड (स्टिअरिंगची चाकाकडे जाणारी दांडी).

सिडकोवासी
स्वतः नाही करत, एवढी हिंमत नाही. त्याच पॅडवाल्या गॅरेजला नेऊ का? फुकट करेल.

ट्रकवाले_काका
ने, पण शेजारी उभा राहा. चाक उघडल्यावर स्वतःच्या डोळ्याने बघ क्लिपा आहेत का. चहा प्यायला जाऊ नको.

मृणाल_इंदिरानगर
आणि घरी येताना बॅलन्सिंग करून घ्या.

सिडकोवासी
अपडेट देतो, लांबलचक आहे. काल गेलो होतो. डावं चाक उघडलं, वरची क्लिप होती, खालची नव्हतीच. पोरगा म्हणाला "कंपनीतूनच नसेल". मी म्हटलं मग उजवीकडचं उघड. उजवीकडे दोन्ही होत्या पण चपट्या झालेल्या, पॅड बोटाने हलवला तर टकटक वाजत होता, तोच आवाज राव, ओळखीचा! मालकाला बोलावलं, तो आला, बघितलं, काही बोलला नाही, पोराला क्लिपांचा सेट आणायला पाठवलं. २८० रुपये मी दिले, मजुरी त्याने घेतली नाही. डाव्या पिनेला ग्रीस नव्हतंच, कोरडी, ती साफ करून लावून घेतली. ग्रीसची ट्यूब हातात घेऊन वाचली आधी, पोरगा माझ्याकडे बघत होता. येताना मुद्दाम खराब रस्त्याने आलो. गप्प. एकदम गप्प. बायको म्हणाली रेडिओ बंद पडलाय का.

लिंक रॉड आणि बुशचे २९०० मात्र गेले ते गेलेच.

गंगापूररोडकर
८२ हजारावर लिंक रॉड नवीन झाले, वाईट वाटून घेऊ नका.

शॉकअप_स्पेशल
आता शॉकॲब पण करून टाका, सगळं नवीन होईल.

सिडकोवासी
🙏 एक मात्र नवीनच लक्षात आलं. आधी त्या खडखडीमुळे ऐकू येत नव्हतं बहुतेक. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवलं की एकदा ठण्ण असा आवाज येतो, स्प्रिंग सुटल्यासारखा.

ट्रकवाले_काका
स्ट्रटच्या वरचं माउंटिंग नाहीतर त्याचं बेअरिंग. दुसऱ्याला स्टिअरिंग फिरवायला बसव आणि तू स्प्रिंगला हलका हात लाव, अडकून सुटल्याचा झटका हाताला कळतो. बोटं सांभाळ. कुठल्या बाजूला आहे?

सिडकोवासी
ते आता शनिवारनंतर. बायको म्हणतेय अजून एकदा गाडीला कान लावून बसलास तर मी चांदवडला एकटी जाईन.

ट्रकवाले_काका
वहिनींना सांग, चांदवड मार्केटला ओळखीचे ट्रक जातात, पुढे केबिनमध्ये जागा असते. खडखड चारी बाजूंनी सारखी येते, शोधत बसावं लागत नाही.