व्हीली मारणाऱ्याची गाडी रोलरखाली घालून काय साधणार?

जुनी किक (सातारा)

पुढचं चाक हवेत उचलून मागच्या चाकावर गाडी पळवायची, ती व्हीली. काल एकानं त्यावर पोस्ट टाकली होती: "व्हीली मारताना पोरगं दिसलं की गाडी तिथंच रोलरखाली घाला आणि पोराला बापासमोर चार ठेवून द्या." खाली शाबासकीचा पाऊस. दोनदा उत्तर लिहून पुसलं, आता सगळंच लिहितो.

बावीस वर्षं माझं गॅरेज आहे. व्हीलीत पालथ्या झालेल्या गाड्या माझ्याकडंच येतात. मागचा मडगार्ड मोडलेला, टेललाइटचा चुरा, नंबर प्लेट दुमडलेली. लांबून बघितलं तरी कळतं. अशा प्रत्येक पोराला मी एकच विचारतो, "मागच्या ब्रेकवर पाय होता का?" आजवर एकानंही हो म्हटलेलं नाही.

व्हीली म्हणजे चाक वर नेणं, असं पोरांना वाटतं. वर काय, क्लच झटक्यात सोडला की कुणाचंही जातं. खाली आणायचं कसं, ते कुणी शिकवत नाही. रेस सोडली की चाक खाली येतं, पण तोल मागं गेल्यावर नुसत्या रेस सोडण्यानं येत नाही. तिथं मागचा ब्रेकच लागतो. शिवाय घाबरलेल्या माणसाच्या हातून रेस सुटतच नाही. गाडी उठली की अंग मागं जातं, मूठ घट्ट धरलेली असते, अंगाबरोबर मनगट मागं वळतं आणि रेस उलट वाढते. पोरगं म्हणतं "गाडी आपोआप उडाली". गाडी उडत नाही, मनगट उडवतं.

म्हणून छोटी गाडी, मोकळं रान, गवत, जमलं तर हलका चढ. पहिला गिअर, माणूस पळेल एवढा वेग. उजवा पाय ब्रेकवर, तो उचलायचाच नाही. बूड थोडं मागं, हात सैल, हँडल ओढायचं नाही. क्लच दोन बोटांनी किंचित दाबायचा, रेस द्यायची, सोडायचा. चाक वीतभर उठलं की लगेच ब्रेक. उठलं, ब्रेक. असं दोनशे वेळा. पायाला सवय लागेपर्यंत गुडघ्याच्या वर चाक न्यायचं नाही. उतरताना रेस एकदम तोडायची नाही, नाहीतर पुढचे शॉकअप आपटतात आणि आठवड्यात ऑइल सील गळतं.

कृष्णेत पोरं उतरणारच, म्हणून आपण पाठीला डबा बांधून पोहायला शिकवतो. नदीवर रोलर फिरवत नाही.

वॉर्ड नंबर चार (सांगली)

दादा, तुम्ही गाड्या बघता, मी माणसं बघते. सांगलीत एका दवाखान्यात रात्रपाळी करते.

व्हीलीत मागं पडणाऱ्याला बहुतेक वेळा हात टेकता येत नाही. डोक्याची मागची बाजू आणि माकडहाड, हेच आधी जमिनीला लागतं. मागच्या वर्षी एकोणीस वर्षांचा मुलगा आणला. हेल्मेट होतं, आरशाला अडकवलेलं. त्याच्या एका पायातली चप्पल सापडली नव्हती. आई पहाटेपर्यंत मला तीच विचारत होती, "ताई, दुसरी चप्पल कुठं गेली हो?" मुलगा जगला. अजून नीट बोलत नाही.

आणि पोहण्याचा दाखला इथं नको. २०१९ च्या पुरात पोहता येणाऱ्यांनी शेजाऱ्यांना बाहेर काढलं. व्हीलीनं कुणाचा जीव वाचला ते सांगा.

हळदगल्ली (सांगली)

व्हीली राहू द्या, सायलेन्सरचं बोला. शंभर फुटी रस्त्यावर रात्री साडेअकराला फट फट फट. माझ्या मिसेसचं बायपास झालंय, त्या दचकून उठून बसतात. ही पोरं तीच. आणि त्यांना ते सायलेन्सर बसवून देतं कोण? गॅरेजवालेच ना?

जुनी किक

काका, मी एकही बसवलेला नाही. गिऱ्हाईक परत पाठवलंय. वहिनींची काळजी घ्या, पण तो राग माझ्यावर काढू नका.

ताई, त्या मुलाच्या पायात चप्पल होती आणि डोक्यावर हेल्मेट नव्हतं. तो बहुतेक डांबरी रस्त्यावर होता. मी जे लिहिलं त्याच्या बरोबर उलट. तुम्ही माझीच बाजू मांडलीत.

वॉर्ड नंबर चार

नाही मांडली. तुमचं रान कुठलं ते सांगा. साताऱ्यात पोरं रविवारी एमआयडीसीत जातात, इकडं कुपवाडला. रस्ता रिकामा असला तरी कायद्यानं ती सार्वजनिक जागाच. लोकांना जायचा हक्क आहे तिथं मोटार वाहन कायदा लागतो. धोकादायक गाडी चालवली म्हणून १८४ कलमाखाली पहिल्याच वेळी १००० ते ५००० रुपये दंड किंवा कैद. पोरगं अठराच्या आत असेल तर १९९अ: पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. तुमचा लेख वाचून कुणी भाच्याला गाडी दिली तर हे तुम्ही भरणार का?

खिलारवाला (आटपाडी)

ताई, कायद्याचं मला सांगू नका, आमी कायदा भोगलाय. मे २०१४ ला सुप्रीम कोर्टानं बैलगाडा शर्यत बंद केली. बंद झाली का? न्हाई. पहाटं चार वाजता, माळावर, फोन बंद करून भरायची. जनावराचा डॉक्टर न्हाई, रुग्णवाहिका न्हाई. माझ्या मामाचा बैल खड्ड्यात पाय मोडून पडला, तर पोलीस येत्यात म्हणून लोक पळाले. मामा एकटा बैलाजवळ बसला. दिस उगवला तरी बसलेलाच.

डिसेंबर २०२१ ला परवानगी आली. आता कलेक्टरचा कागद लागतो, डॉक्टर लागतो, काठी चाबूक बंद, धाव १००० मीटरच्या आत. मे २०२३ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं पण शिक्का मारला. चोरून होतं तेव्हाच जास्त मरत्यात, मग ते बैल असो का पोरगं. किकवाले दादा बरोबर बोलत्यात.

हळदगल्ली

परवानगी असलेल्या मैदानात माणसं चेंगरत नाहीत का? छकडा सुटला की बघे चाकोरीत घुसतात. गेल्या साली आमच्या भावकीतला एकजण बरगड्या मोडून घेऊन आला. हे कसलं सुरक्षित?

खिलारवाला

बघ्यानं मधी यायचं नसतं काका! दोरी बांधलेली असती, माइकवरून घसा फोडून सांगत असत्यात. त्यात बैलाचा काय दोष?

वॉर्ड नंबर चार

बैलाला विचारून जुंपता का त्याला? पोरगं निदान स्वतःच्या मर्जीनं मरतं.

खिलारवाला

ताई, जरा जपून. आमच्या घरात बैलाला आधी घास जातो, मग आमाला. शर्यत बंद होती तेव्हा खरसुंडीच्या बाजारात खोंडाला गिऱ्हाईक न्हवतं. ट्रॅक्टर आला, शर्यत गेली, मग खिलार पाळायचं कशाला? माझ्या बापानं दोन खोंडं कुठं गेली ते मला आजतागायत सांगितलं न्हाई. तुमी दवाखान्यात माणसं वाचवता, लई मोठं काम हाय. पण ज्यानं दावणीचं जनावर दिलंय, त्याला मर्जी शिकवू नका.

वॉर्ड नंबर चार

माझ्याही माहेरी बैल होते. पोळ्याला रंगवायचे आणि दुसऱ्या दिवशी पराणी टोचायची, हे मी डोळ्यांनी बघितलंय. माया आणि टोचणी एकाच हातात असते. म्हणून मला शर्यत पटत नाही आणि पटणारही नाही. पण तुमच्या वडिलांच्या मनाला लागेल असं बोलायचं नव्हतं. ते वाक्य मागं घेते.

खिलारवाला

घेतलं तर घेतलं. माझा मुद्दा तसाच हाय.

कोनसेट (कराड)

बैल बांधा आता. मूळ लेखात एक मोठी चूक आहे आणि कुणाच्याच लक्षात आलेली नाही.

किकभाऊ, एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना एबीएस (चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची सोय) नसेल तर सीबीएस, म्हणजे एकमेकांना जोडलेले ब्रेक, सक्तीचं झालं. पायानं मागचा ब्रेक जोरात दाबला की पुढचाही लागतो. तुमचा "उठलं, ब्रेक" त्या गाडीवर केला तर पुढचं चाक हवेतच थांबणार आणि न फिरणारं चाक जमिनीला टेकणार. ते जरा वाकडं असेल तर मुरमावर गाडी आडवीच. तुम्ही जुन्या गाड्यांवर शिकलात म्हणून हे तुम्हाला आठवलं नाही. आणि आजच्या पोराच्या घरात असते ती नवीच शंभर सीसी.

दुसरं. ९७ सीसीची, ११२ किलोची गाडी नुसत्या रेसवर उठत नाही. क्लच आपटावाच लागतो. चार दिवसांत क्लच प्लेट जळते, मग पोरगं मित्राची दोनशे सीसी मागतं आणि शंभरवर लागलेली सवय तिच्यावर वापरतं. ती गाडी विचारायला थांबत नाही. मी असाच पडलो, २०१२ ला. डाव्या मनगटात हाडाला बसवलेली धातूची पट्टी अजून आहे, पावसाळ्यात दुखते.

जुनी किक

सीबीएसचं मी लिहायला हवं होतं. चूक झाली. माझी शिकवायची गाडी २००६ ची आहे, तिला साधा रॉडचा ब्रेक, त्यामुळं डोक्यात आलंच नाही. सीबीएसच्या गाडीवर हे करूच नका. आणि दोन्ही ब्रेक जोडणारी वायर सोडवून तर अजिबात नका, कारण त्याच गाडीवर सोमवारी आई मागं बसणार असते.

दोनशे सीसीचं मात्र मान्य नाही. पायाला ब्रेकची सवय लागली असेल तर ती मोठ्या गाडीवरही राहते. तुमच्या पायाला होती का?

कोनसेट

नव्हती.

जुनी किक

मग?

कोनसेट

मग काही नाही. तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर. पण क्लचचं माझं बरोबर.

वॉर्ड नंबर चार

बघा, शिकवणाऱ्यालाच अर्धं आठवलं नव्हतं. वाचणाऱ्या पोरानं काय करायचं?

जुनी किक

ताई, म्हणून तर चारचौघांत लिहिलं. रील बघून शिकला असता तर त्याला कोनसेटभाऊ भेटले असते का? जागेचं तुमचं बरोबर आहे, ते मी अर्धवट सोडलं होतं. वाढे फाट्यापलीकडं आमच्या चुलत्यांचं पडीक रान आहे, खासगी, कुंपण घातलेलं. मी तिथंच शिकवतो. अठरा पूर्ण, लायसन्स बघून, हेल्मेट, गुडघ्याचे-कोपराचे पॅड, घोट्यापर्यंतचा बूट. बापाला फोन केल्याशिवाय गाडीला हात लावू देत नाही. बहुतेक पोरं फोनचं नाव काढलं की परत येत नाहीत.

वॉर्ड नंबर चार

ही ओळ तुमच्या लेखात पहिली हवी होती. शिकवा असं मी म्हणणार नाही, मला ते तोंडातून काढता येणार नाही. पण जो फोन करू देतो त्यालाच शिकवता, एवढं मला चालतं. आणि रानात एकटं कुणी नको. गाडी एकानं बघायची, माणूस दुसऱ्यानं. पडलेल्याला ओढून उठवायचं नाही, मान हलवायची नाही, १०८ ला फोन करायचा.

बारावी झालो (सातारा)

काका, मी अठरा पूर्ण आहे, लायसन्स आहे. पप्पांची २०२१ ची शंभर सीसी आहे. रविवारी येऊ का?

जुनी किक

२०२१ म्हणजे सीबीएस. ती नको, माझी घे. पप्पांचा नंबर मला मेसेज कर. आणि पहिल्या रविवारी व्हीली नाही. मागचा ड्रम उघडून ब्रेकचे लायनर बघायचे, ब्रेक पेडलचा प्ले (मोकळी चाल) बसवायचा, मग नुसतं पळवून ब्रेक मारायचे.

बारावी झालो

नुसते ब्रेक?

वॉर्ड नंबर चार

हो, नुसते ब्रेक. आणि तुझ्या हेल्मेटचा फोटो टाक इथं, पट्टा दिसेल असा.