‘सायमन लेग्री’ म्हणजे नुसता कडक साहेब?

प्रश्न : एका इंग्रजी लेखात कारखान्याच्या मॅनेजरला ‘सायमन लेग्री’ म्हटलंय. शब्दकोशात ‘राबवून घेणारा कठोर मालक’ एवढाच अर्थ मिळाला. भाषांतरात ‘खडूस साहेब’ चालेल का?

उत्तर : खडूस नको, फार सौम्य होतं. खडूस साहेब रजा नाकारतो. लेग्री माणूस मारतो. हॅरिएट बीचर स्टो यांच्या ‘अंकल टॉम्स केबिन’ (१८५२) या अमेरिकेतल्या गुलामगिरीवरच्या कादंबरीतला हा लुइझियानाचा मळेवाला. लिलावात घेतलेल्या टॉम या गुलामाला बोटीने नेताना तो एका परक्या माणसाला आपला हिशेब ऐकवतो : धडधाकट गुलाम सहा-सात वर्षं टिकतो, लेचापेचा दोन-तीन. दुखणीखुपणी काढत बसायचं कशाला? संपला की दुसरा आणायचा, स्वस्त पडतं. हे तो अगदी सहज बोलतो, आणि मला तेच सगळ्यात भयंकर वाटतं.

पुढे एका आजारी बाईला फटके मारायला टॉम नकार देतो. लेग्री म्हणतो, बाराशे डॉलर रोख मोजलेत, तू अंगानं आणि आत्म्यानं माझाच ना? आत्मा तुम्ही विकत घेतलेला नाही, असं टॉम सांगतो. लेग्रीला नुसते कष्ट नको असतात, आतला माणूसही ताब्यात हवा असतो. तो मिळत नाही म्हणून शेवटी टॉमचा जीव जातो.

प्रश्न : मग ‘मुकादम’? किंवा ‘घाशीराम’?

उत्तर : मुकादम तिथे वेगळे आहेत, सँबो आणि क्विंबो. ते स्वतः गुलामच; लेग्री त्यांना एकमेकांविरुद्ध आणि बाकीच्यांविरुद्ध झुंजवत ठेवतो. तेंडुलकरांच्या घाशीरामची सत्ता नानांनी दिलेली, म्हणून नाना ती काढूनही घेतात. लेग्रीच्या पाठीशी थेट कायदा उभा आहे. ‘नरराक्षस’ही मला पटत नाही. राक्षस म्हटलं की तो माणसांतून वजा होतो. स्टोबाईंनी तर त्याला देवभीरू आईचा मुलगा केलंय, तोही गुलामगिरी नसलेल्या न्यू इंग्लंडमधला.

अमेरिकेतली गुलामी मोडणाऱ्या तिथल्या लोकांना जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली. त्यामुळे मराठी वाचकाला हा संदर्भ परका नाही. मी ‘लेग्री’ हे नाव तसंच ठेवून पहिल्यांदा येईल तिथे ‘माणसं झिजवून फेकून देणारा मालक’ असं जोडेन. मूळ लेखात ते थट्टेने म्हटलं असेल, तर मात्र ‘जुलमी साहेब’ पुरे.