काळी-पिवळी पद्मिनी (१:४३): गंज आणि धूळ खरी कशी दिसेल?

चिमुकली चाकं
१:४३ मापाची (खऱ्या गाडीच्या ४३ पट लहान) डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूची, प्रीमियर पद्मिनी, मुंबईची टॅक्सी. खूप वर्षं राबलेली दिसायला हवी. अ‍ॅक्रिलिकचा तपकिरी वॉश (खूप पातळ केलेला रंग) काळ्या बॉडीवर थेंब होऊन ओघळतो आणि पिवळ्या टपावरचा गंज नारिंगी डागांसारखा दिसतो. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारायचं साधन) नाही. काय करावं?

बारीक ब्रश
मूळ रंग चकचकीत, म्हणून वॉश धरत नाही. तळाचे स्क्रू काढून बॉडी आणि काचा सुट्या करा. काचा निघत नसतील तर मास्किंग टेपने झाका, नाहीतर मॅट वार्निशने त्या धुरकट होतात. बॉडी भांड्यांच्या साबणाने धुवा आणि पूर्ण वाळल्यावर मॅट क्लिअर स्प्रेचे दोन पातळ हात द्या, २०-२५ सेंमीवरून. दमट हवेत मारू नका, पांढुरकी झाक येते. एक दिवस वाळू द्या.

काळ्यावर तपकिरी उठत नाही, तिथे फिकट राखाडी घ्या: १ भाग रंगाला ८-१० भाग पाणी आणि साबणाचा एक थेंब. अर्धवट ओला असतानाच ओलसर ब्रशने वरून खाली ओढा. आडवा ब्रश फिरवलात तर पाऊस आडवा पडल्यासारखं दिसेल. एनसी थिनर (नायट्रोसेल्युलोज रंगांचा तीव्र थिनर) मात्र जवळही नको, तो रंग आणि प्लास्टिक दोन्ही खातो.

पत्रा आणि पन्हळ
गंज आधी गडद, मग फिकट. बर्न्ट अंबरमध्ये (गडद तपकिरी रंग) थोडा काळा मिसळा, स्पंजचा तुकडा बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत टिपा आणि मगच कडांवर हलके टेकवा. नारिंगी फक्त त्या डागांच्या मधोमध, सुईच्या टोकाएवढा. लक्षात ठेवा, या मापात १ मिमी म्हणजे खऱ्या गाडीवर ४.३ सेंमी. चंदेरी ओरखडे टाळा, जुना उघडा पत्रा काळपट तपकिरी असतो.

जागा: दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी, डिकीची खालची कड. आणि टपाची पन्हळ! सामानाच्या कॅरिअरचे पाय तिथे आवळलेले असतात, रंग तिथेच उडतो. त्या चार बिंदूंपासून खाली एकेक केसासारखा ओघळ काढा. हे नसेल तर ती मला टॅक्सी वाटतच नाही.

चिमुकली चाकं
धूळ कशाची? शेवटी वार्निश मारलं तर ती नाहीशी होते म्हणतात.

बारीक ब्रश
होते, वार्निशने पावडर भिजते आणि रंग गडद होतो. सॉफ्ट पेस्टल (रंगीत कोरडा खडू, ऑइल पेस्टल नव्हे) ब्लेडने खरवडा. राखाडी-तपकिरी घ्या, कोकणातली जांभ्याची तांबडी धूळ मुंबईच्या टॅक्सीला शोभत नाही. चाकांमागे कोरड्या ब्रशने बसवा आणि कडेला मिनरल टर्पेंटाइनचा एक थेंब सोडा, तो आपोआप पसरतो. वाळल्यावर हात लावायचा नसेल तर वार्निशची गरजच नाही.

पत्रा आणि पन्हळ
सायलेन्सरची काजळी कोणता काळ दाखवायचाय त्यावर ठरवा. सीएनजीवरच्या टॅक्सीला जाड काळी काजळी नको. त्याआधीची डिझेलची असेल तर मागच्या बंपरच्या सायलेन्सरकडच्या कोपऱ्यावर काळ्या पेस्टलचा पुसट हात चालेल.