मदत हवी आहे: स्वतः बॉल घेऊन धावणाऱ्या क्वार्टरबॅकवर (चाल सुरू करणारा, पास फेकणारा खेळाडू) उभा ऑफेन्स एनएफएलमध्ये (अमेरिकन फुटबॉलची लीग) किती वर्षं टिकतो?

२०१९ला रेव्हन्सचा क्वार्टरबॅक लमार जॅक्सन १७६ वेळा धावला, १,२०६ यार्ड काढले, संघ १४ जिंकला, २ हरला. मग प्लेऑफमध्ये टायटन्सने २८-१२ने घरी बसवलं. मागे पडल्यावर धावत बसायला घड्याळ पुरत नाही, हे कळतं. माझा प्रश्न दुखापतीचा आहे.

झोन रीडमध्ये (क्वार्टरबॅक एका बचावपटूकडे बघून बॉल द्यायचा की ठेवायचा ते ठरवतो, ती चाल) एका डिफेन्सिव्ह एंडला (बचावफळीच्या टोकाचा खेळाडू) मुद्दाम ब्लॉक करत नाहीत. तो आत घुसला की क्वार्टरबॅक बॉल ठेवून बाहेर पळतो. पण स्क्रेप एक्सचेंज या बचावाच्या डावात एंड मुद्दामच आत घुसतो आणि मागचा लाइनबॅकर (दुसऱ्या फळीतला बचावपटू) बाहेर येऊन उभा राहतो. म्हणजे रीड बरोबर, तरी मार ठरलेलाच. शिवाय हँडऑफ दिल्यावरही (बॉल दुसऱ्याच्या हातात सोपवल्यावरही) क्वार्टरबॅकचं धावायचं सोंग चालू असेल, तर पासरला मिळणारं संरक्षण नाही. (स्लाइड करता येते, म्हणजे घसरून धाव संपवायची आणि मार टाळायचा, पण करतंय कोण!)

उलट बाजूही आहे: २०२२ला डेन्व्हरविरुद्ध लमारचा गुडघा गेला तो सॅकवर (पास फेकण्याआधीच पाडलं तेव्हा), धावताना नव्हे.

तर जाणकारांनो, ठरवून दिलेले रन आणि स्क्रॅम्बल (पास जमला नाही म्हणून पळणं) वेगळे मोजून, कशात जास्त दुखापती होतात हे कुणी तपासलंय का? आकडे कुठून काढायचे? क्यूबी स्नीक (क्वार्टरबॅक बॉल घेऊन सरळ गर्दीत थोडंसं पुढे घुसतो ती चाल) कृपया वेगळे धरा, नाहीतर स्नीक भरपूर करणाऱ्या ईगल्सच्या जेलन हर्ट्समुळे सगळा हिशोब बिघडतो.