ग्लो इंजिनाचे मागचे बेअरिंग फुटले: दुरुस्ती करावी की मोडीत काढावे?

धुळेकर:
माझ्या रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानाचे साडेसात सीसीचे दोन-स्ट्रोक ग्लो इंजिन (ठिणगीऐवजी तापलेल्या तारेने इंधन पेटवणारे) गेल्या रविवारी हवेतच खरखर करत बंद पडले आणि विमान वेचणीला आलेल्या कपाशीत उतरवावे लागले. विमान वाचले, पण घरी इंजिनाचे मागचे झाकण उघडले, तेव्हा तेलाबरोबर राखाडी गाळ बशीत पडला आणि त्यात बेअरिंगच्या केजचे, म्हणजे छर्रे जागेवर धरणाऱ्या कड्याचे, तीन तुकडे सापडले. छर्रे सगळे जागेवर आहेत, मात्र एकाची खपली निघाली आहे. पंखा हाताने फिरवल्यास कॉम्प्रेशन लागते, पण पूर्वीसारखे नाही. पावसाळाभर इंजिन न उघडता खोक्यात पडून होते, हेही सांगितले पाहिजे. नुसते नवे बेअरिंग बसवून भागेल का?

भुसावळचा लेथवाला:
बेअरिंग ही यातली सर्वांत स्वस्त वस्तू आहे; खरा प्रश्न केजचा चुरा कुठवर गेला हा आहे. दोन-स्ट्रोक इंजिनात इंधनाचे मिश्रण क्रँककेसमधूनच (इंजिनाच्या खालच्या पेटीतूनच) वर सिलिंडरमध्ये जाते, त्यामुळे तुकडेही त्याच वाटेने जातात. केज पोलादी असेल तर कार्बुरेटर, मफलर आणि ट्रान्सफर पोर्टमध्ये (मिश्रण वर नेणाऱ्या वाटांमध्ये) लोहचुंबक फिरवा आणि मिळालेले तुकडे जुळवून केज पूर्ण होते का ते पाहा. मग हेड काढून लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो ती क्रोमचा थर दिलेली पितळी नळी, उन्हाकडे धरा. उभ्या रेषेत नख अडकत असेल किंवा क्रोमखालचे पिवळे पितळ दिसत असेल, तर पिस्टन व लायनर जोडीनेच बदलावे लागतील. कॉनरॉडचे (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचे) बुश आणि तो ज्यावर फिरतो ती क्रँकपिनही तपासा. कॉनरॉड काढण्यापूर्वी त्याची पुढची बाजू खूण करून ठेवा, नंतर आठवत नाही.

अमळनेरकर:
माझ्या इंजिनाच्या लायनरवर असेच ओरखडे होते. मी बारीक पॉलिश पेपरने ते घासून काढले आणि इंजिन चालले.

भुसावळचा लेथवाला:
भाऊ, चालले असेल, पण असा सल्ला देऊ नका. हा लायनर वरच्या टोकाला किंचित निमुळता असतो. थंड असताना पिस्टन तिथे घट्ट बसतो आणि तापल्यावर पितळ फुगून योग्य फट मिळते. घासल्याने नेमकी हीच फट बिघडते, शिवाय क्रोमचा थर मुळातच पातळ असतो.

जळगावकर:
बेअरिंग काढण्याविषयी लिहितो. क्रँककेस रॉकेलने धुऊन पूर्ण वाळवा, कारण ओल राहिली तर ओव्हनमध्ये पेट घेईल. मग सुमारे १५० अंशांवर तापवा. क्रँककेसवर टाकलेला पाण्याचा थेंब चर्रकन आटला की जाड हातमोजा घालून क्रँककेस लाकडी ठोकळ्यावर आपटा; अॅल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगत असल्याने बेअरिंग आपसूक निसटते. स्टोव्हच्या उघड्या ज्योतीवर मात्र धरू नका. नवे बेअरिंग फ्रीजरमध्ये थंड करून गरम क्रँककेसमध्ये सरळ बसवा. या आकाराच्या अनेक इंजिनांत मागे ६९०२ (१५ × २८ × ७ मिमी) आणि पुढे ६०७ (७ × १९ × ६ मिमी) असते, पण तुमच्या बेअरिंगवरचा क्रमांक वाचूनच मागवा. मागचे बेअरिंग दोन्ही बाजूंनी उघडे हवे, कारण त्याला वंगण इंधनातल्या तेलातूनच मिळते.

बेअरिंग फुटण्याचे कारण तुम्हीच लिहिले आहे: इंजिन पावसाळाभर तसेच पडून होते. इंधनातले मिथेनॉल हवेतला ओलावा ओढते आणि त्यातल्या नायट्रोमिथेनच्या ज्वलनातून आम्ल तयार होते, म्हणून रेसवर (छर्रे ज्यावर फिरतात त्या कड्यांवर) गंजाचे ठिपके पडतात आणि पुढे छर्रे त्यांवर ठेचले जातात. दिवसाच्या शेवटी टाकीतले इंधन संपवून इंजिन पूर्ण रिकामे होऊ द्यावे, आत पातळ तेलाचे काही थेंब टाकावेत आणि पंखा फिरवून ते पसरू द्यावेत. एरंडेल असलेले इंधन गंज रोखते खरे, पण महिनोन्महिने पडून राहिले तर चिकट होते.

धुळेकर:
लायनर आजच सकाळच्या उन्हात पाहिला. एक्झॉस्टच्या खिडकीशेजारी दोन उभ्या रेषा आहेत, नख अडकते आणि एका जागी पितळ दिसते. चौथा तुकडा मफलरमध्ये सापडला. क्रँकपिन गुळगुळीत आहे. बेअरिंगची जोडी आणि पिस्टन-लायनरचा संच एकत्रच मागवत आहे.